कडी चावते

डोंबिवलीला आमच्या सासरच्या घरामागे, बागेच्या अगदी टोकाला, एक पत्र्याची खोली होती. तिच्याइतकी किळसवाणी जागा मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही, आणि मी दोन बाळंतपणं सरकारी इस्पितळात काढलेली बाई आहे. मुळात ती बांधली होती कुदळ, फावडं, झाऱ्या आणि शेणखताच्या पाट्या ठेवायला. चारी बाजूंना पत्रा, वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि पत्र्याच्याच दाराला एक लोखंडी कडी. कोपऱ्यात पेंडीचं पोतं असे, त्याला कायम बुरशी आलेली. घुशींनी जमीन पोखरून ठेवलेली. घरातले पुरुष तिला मोठ्या कौतुकाने 'बागेतली खोली' म्हणत. बायका तिला काहीच म्हणत नसत, कारण महिन्याचे तीन दिवस बायकांना तिथे बसायचं असे.

हो, तेच. कावळा शिवला की बाहेर. शेणखत आणि आम्ही, एकाच छपराखाली. जेवण दारातून वरून वाढायचं, ताट-वाटी तिथलीच, घासायची तिथेच. झोपायला गोणपाट. चौथ्या दिवशी पहाटे बसलेल्या बाईने खोलीची जमीन शेणाने सारवायची, पत्र्यावर पाणी मारून तो धुवायचा, मग डोक्यावरून आंघोळ करून घरात यायचं. हे सगळं अनवाणी, कारण वहाणा पुढच्या दारात, आणि पुढच्या दारात तर आमची सावलीसुद्धा चालत नसे.

मी ठाण्याची. टेंभी नाक्याच्या मागे आमच्या दोन खोल्या. माझ्या आईला सोवळ्याओवळ्याचा तिटकारा होता अशातला भाग नाही, पण दोन खोल्यांत सात माणसं असल्यावर बाईने बाजूला बसायचं तरी कुठे? तेव्हा कोपऱ्यात एक सतरंजी, एवढ्यावर भागायचं. शिवाय आमच्याकडे विजेचे दिवे मी शाळेत असतानाच आले होते. वडलांनी आम्हा भावंडांना बटणाजवळ उभं करून बजावलं होतं, हात कोरडा पाहिजे आणि पायात काहीतरी पाहिजे. हे दोन नियम मी बाराखडीसारखे शिकले. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा कळलं की या घरात बाईचे ते तीन दिवस ओल्या हातांनी आणि उघड्या पायांनीच काढायचे असतात.

सासरची माणसं सुशिक्षित हो! मामंजी, म्हणजे माझे सासरे, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. संस्कृत त्यांच्या जिभेवर. आमचे हे बी.एस्सी., तेही पदार्थविज्ञान घेऊन, आणि मुंबईत नोकरीला. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पोथी घडाघडा वाचणाऱ्या. आणि माझी धाकटी नणंद, जिच्यासाठी हे सगळं सांगायला बसले आहे, ती तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होती. नाव एस.एस.सी. झालं होतं, पण घरात सगळे मॅट्रिकच म्हणत.

पोरगी फार हुशार होती. भूमितीचे सिद्धान्त अंगणात येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणायची, आणि मध्येच मामंजींच्या खोकल्याची हुबेहूब नक्कल करून मला हसवायची. तिला पुढे शिकायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. मामंजींनी आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता. पहिल्या फटक्यात पास झाली तर शिकवू, नाहीतर वैशाखात उजवून टाकू. कल्याणचं एक स्थळ सांगूनही आलेलं होतं. तेव्हा त्या पोरीचं सगळं आयुष्य त्या मार्चच्या पेपरांवर टांगलेलं होतं, आणि महिन्याचे तीन दिवस ती पेंडीच्या पोत्याशेजारी कंदिलाच्या उजेडात डोळे फोडून वाचत होती. काच काळी झाली की पुसायला फडकं घरातून मिळायचं नाही. ती परकराच्या घोळाने पुसायची.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घरात वीज आली. माजघरात दिवा, स्वयंपाकघरात दिवा, देवघरात दिवा, तुळशीपाशीसुद्धा एक. मी जेवणं झाल्यावर मामंजींपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, बागेतल्या खोलीतही एक दिवा द्या, परीक्षा आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या, आम्ही इतकी वर्षं तिथे काय उजेडात बसलो? पण मामंजींनी परवानगी दिली. पोरीच्या हुशारीचा त्यांना अभिमान होता, चारचौघांत सांगायला उपयोगी पडणारा. शिवाय बागेत उजेड राहील, विंचूकाटा दिसेल, असं ते म्हणाले. अट एकच, बटण त्या खोलीत नको. बटण घराच्या मागच्या पडवीत. म्हणजे विटाळशीचा हात बटणाला लागायला नको.

मग काय, ती बाहेर बसली की रोज तिन्हीसांजेला बागेच्या टोकाकडून हाक यायची, "वहिनी, दिवा!" आणि मी पडवीत जाऊन बटण दाबायचे. तिला स्वतःच्या दिव्यावर हात ठेवायची मुभा नव्हती.

तार ओढायला कल्याणचा एक वायरमन आला होता. तोंडात कायम पानाचा तोबरा, आणि पिचकाऱ्या सगळ्या माझ्या केळीच्या बुंध्यांवर. बोलण्यात मोठा तरबेज, कामात सगळा 'चालतंय हो' कारभार. पडवीपासून खोलीपर्यंत त्याने वरून तार नेली आणि पत्र्याला खिळ्याने भोक पाडून ती आत घेतली. त्या भोकात चिनीमातीची नळी बसवायला हवी होती, म्हणजे पत्र्याची धार तारेच्या रबराला लागत नाही. नळ्या संपल्यात, पुढच्या खेपेला बसवतो, म्हणाला. त्याची ती पुढची खेप अजून यायची आहे.

एक गोष्ट मात्र त्याने नीट केली. पत्र्याची खोली म्हणून त्याने एक जाड उघडी तार पत्र्याला घट्ट बांधली, ती विहिरीपर्यंत आणली, आणि विहिरीजवळ खोल खड्डा करून, त्यात कोळसा आणि मीठ भरून, तिथे पुरलेल्या लोखंडी नळाला जोडली. विहिरीजवळ कशासाठी, तर तिथली माती बारा महिने ओली. आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून त्या खड्ड्याकाठी व्याख्यानच दिलं. मला अजून शब्दन् शब्द आठवतो. पत्र्यात कधी वीज उतरलीच, तर ती या तारेवाटे जमिनीत जाते, घरातला फ्यूज उडतो, दिवा विझतो, आणि माणसाला काही होत नाही. ही तार म्हणजे त्या खोलीचा जीव आहे, म्हणाले. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मलाही तेव्हा आपल्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की तोंड कडू होतं.

पुढच्या खेपेला नणंद बाहेर बसली. मामंजी सकाळी विहिरीवर देवाचं पाणी भरायला गेले, आणि त्यांची नजर त्या उघड्या तारेवरून चालत चालत खोलीपर्यंत गेली. पोरगी पत्र्याला टेकून भूगोल वाचत बसली होती. झालं! कळशी तिथेच उपडी केली आणि घरात येऊन गरजले. एका टोकाला ती विटाळशी पत्र्याला टेकलेली, पत्र्याला तार, आणि तारेचं दुसरं टोक विहिरीच्या ओलीत. कोरड्यातून विटाळ जात नाही, पण ओल्यातून जातो, हे काय तुम्हाला नव्याने सांगायला हवं? म्हणजे इतके दिवस आपण देवाला काय वाहतोय?

ओल्यातून वीजही जाते आणि विटाळही जातो, असं या विद्वानाचं शास्त्र. आणि त्यातल्या खऱ्या गोष्टीची त्यांना काडीची भीती नव्हती.

मी मध्ये तोंड घातलं. सुनेने घालायचं नसतं, पण घातलं. म्हटलं, खड्डा विहिरीजवळ नको तर नको, पलीकडे केळीपाशी घेऊ, तिथेही ओल असते. मामंजी म्हणाले, जमिनीखालचं पाणी सगळं एकच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. खड्ड्याकाठी तासभर बोलणारा माणूस मूग गिळून बसला होता. मामंजींनी सांगितलं, तार तोड. आणि ह्यांनी खुंटीवरची पक्कड काढली, विहिरीपाशी उकिडवे बसले आणि तार तोडली. आपल्या हातांनी! वर आत येऊन मला हळूच म्हणाले, "एवढ्याने काही होत नाही. बाबांना कशाला दुखवायचं?"

मला त्या क्षणी मामंजींची जितकी किळस आली नाही तितकी ह्यांची आली. म्हाताऱ्याला निदान कळत नव्हतं. ह्यांना सगळं कळत होतं, आणि ते कळणं त्यांनी खुंटीवर टांगून ठेवलं होतं, ऑफिसातून आल्यावर टोपी टांगायचे तसं. बागेत त्या तारेचं टोक विहिरीच्या बाजूला जमिनीतून वर आलेलं तसंच राहिलं. सासूबाई त्यावर पोतेरं वाळत घालू लागल्या.

माघ संपता संपता नणंदेने मला पहिल्यांदा सांगितलं, वहिनी, कडी चावते.

मला वाटलं मुंगळे असतील. ती म्हणाली, नाही गं, हात ओला असला की चावते. झिणझिण्या येतात कोपरापर्यंत. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, त्या दिवसांत अंगात कणकण असतेच, पोरींनी उगाच नखरे करू नयेत. पुढे आठवड्याभराने माझी पाळी आली, मी बाहेर बसले, आणि सांजेला दिवा लागल्यावर भांडी घासून ओल्या हाताने कडीला बोट लावलं. चावली. कुणी सुई टोचावी तशी. भोकापाशी वाऱ्याने तार हलत होती, पत्र्याची धार रबर कापत होती, आणि ती वीज जमिनीत नेणारी तार तोडलेली होती. एवढं कळायला बी.एस्सी. लागत नाही.

चौथ्या दिवशी घरात आल्या आल्या मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला, हे खोटं कशाला बोलू. पण मग सुरू झालं ते एक अजबच. खोली रिकामी असताना पडवीतलं बटण बंद असे, तेव्हा कडी चावायची नाही; म्हणून रविवारी ह्यांनी जाऊन कडीला हात लावला आणि म्हणाले, काही तर होत नाही. मी म्हटलं, अहो, दिवा लावून बघा. तर मामंजी म्हणाले, भरदिवसा रिकाम्या खोलीत दिवा कशाला? आणि दिवा लागलेला असे तेव्हा कुणीतरी बसलेली असे, मग ह्यांनी पत्र्याला हात लावला तर त्यांना आंघोळ. ती कोण करणार, ऑफिसातून दमून आल्यावर? म्हणजे चावायची तेव्हा हात लावायचा नाही, आणि हात लावायचा तेव्हा चावायची नाही. असा त्या माणसांनी धर्म आणि आळस यांचा पक्का सांधा बसवून घेतला होता. शेवटी ह्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या, तिला सांग, ओल्या हाताने शिवू नको म्हणावं.

मी म्हटलं, चौथ्या दिवशी पत्रा धुते तेव्हा काय करावं तिने? त्यावर ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मी नणंदेला कंदील परत देते म्हटलं. ती नको म्हणाली. तिला दिव्याची सवय झाली होती, आणि परीक्षा तोंडावर होती. वहिनी, एवढी एकच खेप, मग पेपर संपले की बघू, म्हणाली. कडीला तिने एक चिंधी गुंडाळली होती.

ती खेप मार्चमधली. पहिला पेपर चार दिवसांवर. चौथ्या दिवशी पहाटे अजून अंधार होता, म्हणून तिने हाक मारली आणि मी पडवीत जाऊन दिवा लावला. मामंजी तिथेच, बटणाखाली, पाटावर सोवळं नेसून संध्येला बसत होते. मी अंगाचा संकोच करून बाजूने सरकले आणि चुलीकडे आले. बागेतून सारवल्याचा, पाणी मारल्याचा आवाज येत होता. मग बादली आदळली. आणि मग जो आवाज आला तो माणसाचा होता की जनावराचा, हे मला अजून सांगता येत नाही.

मी धावले. सासूबाई विहिरीवरून आल्या, हे दात घासता घासता आले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत दिवा जळत होता, आणि पोरगी कडीला चिकटलेली. चिंधी भिजली होती. गुडघे ओल्या शेणात टेकलेले, उजवी मूठ कडीवर आवळलेली, मान मागे. मी हात पुढे केला आणि वडलांचं आणखी एक बोलणं आठवलं. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी बटण. मी ओरडले, बटण, बटण बंद करा! पडवीत मामंजी होते, बटण त्यांच्या डोक्यावर हातभर. उठून दाबायचं. कुणी दाबलं नाही. तेव्हा मीच मागे फिरले आणि पडवीत शिरले. मामंजी उभे राहिले होते. त्यांनी माझ्यापुढे आडवा हात धरला.

"थांब. आधी सांग, शिवलीस का तिला?"

मी त्यांच्या अंगावरून गेले. पळी-पंचपात्र माझ्या पायाने उडालं, खांदा त्यांच्या छातीला लागला, आणि मी बटण बंद केलं. मेन स्विचही खाली ओढला. बागेतून धप्प असा आवाज आला, ती पडल्याचा.

परत गेले तेव्हा ती ओल्या शेणात कुशीवर पडली होती. डोळे उघडे. छाती हलत होती, नव्हती, मला कळेना. मी मोठ्याने म्हटलं, वीज बंद केलीय, धरा तिला, बाहेर घ्या! हे तिथे होते, ज्यांना बंद म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सासूबाई होत्या, ज्यांच्या पोटची ती. मामंजी मागून आले, पायांत खडावा घालून. कोरड्या लाकडाच्या खडावा. त्या घरात विजेपासून खरे सुरक्षित पाय तेवढे त्यांचेच होते. तिघं उंबऱ्याबाहेर ओळीत उभे राहिले. सासूबाई तोंडात पदर कोंबून म्हणाल्या, "अगं, तिचं अजून न्हाणं व्हायचंय."

मी तिला काखेत हात घालून एकटीने ओढली. ज्वारीचं पोतं ओढावं तशी. शेणातून, चिखलातून, विहिरीपर्यंत. मग मात्र सासूबाई हंबरडा फोडून धावल्या आणि त्यांनी काय केलं असेल? तिच्या डोक्यावरून घागर ओतली. तिला शुद्ध केली आणि मग मांडीवर घेतली. मामंजी तोवर न्हाणीत गेले होते. माझा स्पर्श झाला होता ना! आतून पाण्याचा आवाज आणि मंत्र ऐकू येत होते. मला तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर उलटी झाली.

पोरगी जगली. डॉक्टर आले, त्यांनी तिला निर्धास्तपणे हात लावला, आणि मला बरं वाटलं की या आवारात माणसाला हात लावणारा माणूस आला. उजव्या हाताचा तळवा आणि चार बोटं आतपर्यंत भाजली होती. ती बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. पेपरांच्या दिवसांत ती माजघरात पडून होती, हाताला हे एवढं गाठोडं. पहिल्या पेपरला सकाळी तिने मला विचारलं, घड्याळात किती वाजले. मी सांगितलं.

ऑक्टोबरला बसू दे, मी म्हटलं. डाव्या हाताने लिहायला शिकेल, मी शिकवते. मामंजी म्हणाले, पहिल्या फटक्यात ठरलं होतं. वैशाखात कल्याणला लग्न झालं. तिकडच्यांना सांगितलं की पुरण शिजवताना हात भाजला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसलं. लग्नात गुरुजींनी वराला तिचा हात हातात घ्यायला सांगितलं, तेव्हा त्या बिचाऱ्याला कळेना धरायचं कुठे.

मी त्यानंतर बाहेर बसले नाही. पुढच्या महिन्यात कावळा शिवला आणि मी चुलीपुढे जाऊन भात टाकला. सांगूनच टाकला. मामंजींनी तेव्हापासून माझ्या त्या दिवसांपुरती स्वतःची शेगडी वेगळी मांडली, आणि अखेरपर्यंत महिन्याचे तीन दिवस हाताने खिचडी करून खाल्ली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ह्यांनी माझी बाजू घेतली नाही, विरोधही केला नाही. खाली मान घालून माझ्या हातचं जेवले. तेवढाच त्यांचा पराक्रम.

पण खरी शिसारी पुढेच आहे. चारेक वर्षांनी माझ्या मुलीचं बारसं होतं. नणंद कल्याणहून आली होती, कडेवर तिचा मुलगा. घर पाहुण्यांनी भरलेलं. ओसरीवर मामंजींनी गोष्ट सुरू केली. ती गोष्ट ते आता सगळीकडे सांगायचे, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, विजेचा शॉक बसलेल्या माणसाला शिवू नये, असं आताचं सायन्स सांगतं. आमच्या शास्त्रात ते आधीच आहे. त्या दिवशी आम्ही कुणी तिला शिवलो असतो तर घरातली सगळी माणसं एका ओळीने गेली असती. शिवलो नाही म्हणून वाचलो. पाहुणे वा वा म्हणाले. कुणीतरी ह्यांना विचारलं, तुम्ही तर बी.एस्सी., काय हो, खरं का?

हे म्हणाले, "तसं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

मी हातात पेढ्यांचं तबक घेऊन दारात उभी होते. तिथूनच म्हटलं, "तेव्हा वीज बंद होती. मी बंद केली होती. तुम्ही बघितलं होतं." हे म्हणाले, किती वर्षं झाली त्याला, आता कशाला. कुणीतरी पेढा उचलला, आणि बोलणं हळूहळू पाण्याच्या टंचाईवर गेलं.

मी तबक तिथेच ठेवून मागच्या पडवीत आले. नणंद पाळण्याशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. उजवा हात पदराखाली, डाव्या हाताने दोरी ओढत होती. मी तिच्याजवळ बसले आणि रागाने रडायला लागले. म्हटलं, तुला कसं ऐकवतं गं हे? तुझ्या देखत सांगतात!

ती म्हणाली, "वहिनी, मला शॉक आठवत नाही. खरंच नाही. पाय आठवतात. मी खाली पडले होते ना, मला तेवढंच दिसत होतं. आईचे पाय, दादाचे पाय, बाबांच्या खडावा. मी बघत होते, आता कुणाचा तरी एक पाय आत येईल."

आतून मामंजींची हाक आली, पाहुण्यांना चहा आणा म्हणून. आम्ही दोघी उठलो नाही.